हॅव : मराठीत नसलेलं क्रियापद

कानात इअरफोन घालून लोकलमध्ये, एसटीत, होस्टेलच्या गच्चीवर, जिथे कुठे असाल तिथे आरामात ऐका. ज्यांना ऐकायला जमत नाही, डेटा संपलाय किंवा शेजारी बॉस बसलाय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून ठेवतेय. बोलल्यासारखाच लिहिलाय, सांभाळून घ्या.

आज एकच शब्द. हॅव. एच, ए, व्ही, ई.

"ताई, हा तर पहिलीतला शब्द आहे," असं तुम्ही म्हणणार. बरोबर आहे. पहिलीत शिकतो आणि एम. ए. झाल्यावरही चुकतो, असा हा शब्द. मी शनिवार-रविवार मुलामुलींचे मॉक इंटरव्ह्यू घेते, हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. त्यात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारी चूक कुठली, तर "आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरिअन्स." डिप्लोमावाले म्हणतात, इंजिनिअर म्हणतात, इंग्रजी माध्यमात शिकलेलेही म्हणतात.

एक मुलगी होती, मशीन कंट्रोलच्या कामात एकदम तयार. खऱ्या इंटरव्ह्यूत तिने हेच वाक्य म्हटलं आणि पॅनलवरचा एक जण शेजारच्याकडे बघून हसला. फक्त हसला, बोलला काहीच नाही. पण त्यानंतर ही पोरगी सगळ्या प्रश्नांना "येस सर, नो सर" एवढंच बोलली. जे येत होतं तेही बोलली नाही. नोकरी गेली ती त्या वाक्यामुळे की त्या हसण्यामुळे, हे तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर हसण्यामुळे. म्हणून आज या शब्दाचं जरा नीट पोस्टमॉर्टम करू. चूक नेमकी कुठून येते ते कळलं की तिची लाज वाटत नाही, आणि लाज गेली की चूक सुधारायला फारसा वेळ लागत नाही.

तर पहिली गोष्ट. मराठीत 'हॅव' नाहीच.

थांबा, विचार करा. 'असणे' आहे, 'घेणे' आहे, 'मिळणे' आहे, 'बाळगणे' आहे. पण "आय हॅव अ फोन" याचं मराठी करताना 'मी' हा कर्ता ठेवून बघा बरं. "मी फोन..." पुढे काय? जमत नाही. आपण म्हणतो, "माझ्याकडे फोन आहे." म्हणजे वाक्याचा मालक कोण? फोन! फोन आहे. कुठे आहे? माझ्याकडे. इंग्रजीत मी फोनला धरून उभी असते. मराठीत फोन असतो, आणि तो माझ्या बाजूला असतो.

बरं, हे 'माझ्याकडे' सगळीकडे चालतं का? नाही. "आय हॅव टू सिस्टर्स" याचं "माझ्याकडे दोन बहिणी आहेत" करून बघा. ऐकणारा म्हणेल, "हो का? कधी आल्या? किती दिवस राहणार?" बहिणींसाठी आपण 'मला' वापरतो. मला दोन बहिणी आहेत. तापालाही 'मला'. मला ताप आहे. "माझ्याकडे ताप आहे" म्हटलं तर ताप पिशवीत घालून आणल्यासारखं वाटतं. घराचं म्हणाल तर 'ला' : घराला दोन दारं आहेत. गुण असेल तर आत घुसतो : त्याच्यात दम आहे, तिच्या अंगात कला आहे. आणि आईच्या हाताला चव आहे. हे इंग्रजीत करून दाखवा मला.

पैशाचं तर बघाच. "माझ्याजवळ पैसे आहेत" म्हणजे आत्ता, खिशात, रिक्षाचे देता येतील. "त्याच्याकडे पैसा आहे" म्हणजे तो श्रीमंत आहे. 'पैसे' आणि 'पैसा', 'जवळ' आणि 'कडे', एवढ्याशा फरकात आपण माणसाची आर्थिक परिस्थिती सांगून टाकतो. इंग्रजी माणूस दोन्हीकडे हॅव म्हणणार आणि खिशातल्या पैशांसाठी पुढे 'ऑन मी' जोडणार.

आपण इथे वेगळे पडलोय असं समजू नका. हिंदीत 'मेरे पास' आहे. तमिळमध्ये भाऊ असेल तर 'एनक्कु', म्हणजे आपलं 'मला'च. संस्कृतात 'मम पुस्तकम् अस्ति', माझं पुस्तक आहे. रशियन माणूस 'उ मेन्या येस्त' म्हणतो, म्हणजे शब्दशः माझ्यापाशी आहे. फिनिश, आयरिश, अरबी, सगळ्यांची हीच तऱ्हा. जगातल्या कितीतरी भाषांचं हॅववाचून काहीही अडलेलं नाही. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश या भाषांना मात्र मालकी दाखवायला स्वतंत्र क्रियापद लागतं.

आता या हॅवचं मूळ बघा, मजेशीर आहे. लॅटिनमध्ये 'हाबेरे' असा शब्द आहे, अर्थही 'जवळ असणे' हाच. ऐकल्यावर कुणालाही वाटेल की हॅव त्याच्यावरूनच आला. पण तसं नाही! भाषाशास्त्रात एक नियम आहे. लॅटिनमध्ये जिथे 'क' ऐकू येतो, तिथे इंग्रजीच्या कुळात 'ह' येतो. लॅटिनमध्ये 'कॉर्नू', इंग्रजीत 'हॉर्न', म्हणजे शिंग. लॅटिनमध्ये 'केंटुम', इंग्रजीत 'हंड्रेड'. मग हॅवचा लॅटिन भाऊ 'क'पासूनच सुरू व्हायला हवा ना? तसा आहेच : 'कापेरे'. अर्थ, पकडणे. ज्याच्यावरून 'कॅप्चर' आला तोच. म्हणजे हॅव आणि कॅप्चर हे दूरचे सख्खे! आणि तो हाबेरे? त्याची रक्ताची नाती लावली तर तो निघतो 'गिव्ह'चा नातेवाईक. घेणाऱ्याच्या घरात पकडणारा आणि देणाऱ्याच्या घरात बाळगणारा, असा सगळा गोंधळ.

लक्षात ठेवायचं ते एवढंच, की हॅवच्या पोटात मुळात 'पकडणे' आहे, 'हातात घेणे' आहे. हे पुढे कामाला येणार आहे.

आता "आय ॲम हॅविंग" कडे येऊ. माझा अंदाज असा : आपल्या डोक्यात वाक्य असतं "मला अनुभव आहे". त्या 'आहे'ला इंग्रजीत काहीतरी द्यायला हवं, म्हणून 'ॲम' येतो. मग हॅव शिल्लक उरतो, त्याला 'इंग' लागतो. शिवाय मराठीत आपण बिनधास्त म्हणतो, मला कळतंय, मला आवडतंय, मला ऐकू येतंय. मनातल्या अवस्थेलाही चालू काळ लावायची आपली सवय आहे. इंग्रजी तिथे बहुतेक वेळा साधा काळ वापरते. म्हणजे ती मुलगी बिनडोक नव्हती, ती मराठीच्या नियमाने एकदम शिस्तीत चालली होती.

पण मग इंग्रज कानाला ते विचित्र का वाटतं? कारण 'हॅविंग' त्यांच्याकडे आहे, फक्त वेगळ्या कामाला. "आय ॲम हॅविंग लंच", मी जेवतेय. "वी आर हॅविंग फन", मजा चाललीय. "शी इज हॅविंग अ बेबी", तिला बाळ होणार आहे. आता तुम्ही म्हणालात "आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन", तर समोरच्याला वाटणार, जुळं आहे वाटतं, अभिनंदन! आणि "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" म्हटलं तर... इडल्यांच्या ठिकाणी भाऊ, एवढंच सांगते.

म्हणून सोपी खूण. मराठीत त्या वाक्यात 'आहे' असेल, नुसतंच असणं असेल, तर इंग्रजीत साधा हॅव. आय हॅव टू इयर्स ऑफ एक्स्पीरिअन्स. काही घडत असेल, चाललेलं असेल, खातोय, पितोय, मजा करतोय, तर हॅविंग चालतो. आपसातल्या व्हॉट्सॲपवर कुणी "आय ॲम हॅविंग डाउट" लिहिलं तर मी काही लाल पेन घेऊन धावत नाही. ऑफिसातल्या सगळ्यांना ते कळतं. पण इंटरव्ह्यू, व्हिसाचा फॉर्म, परदेशातल्या क्लायंटचा कॉल, इथे मात्र जपा.

आता घडण्याचा हॅव. हॅव टी, हॅव अ बाथ, हॅव अ लुक, हॅव अ सीट. इथे मराठीत त्याचा सगळ्यात जवळचा भाऊ सापडतो, आणि तो म्हणजे 'घेणे'. चहा घेणार? नाश्ता घ्या. विश्रांती घे. मघाशी म्हटलं होतं ना, हॅवच्या पोटात हातात घेणं आहे? आपलं 'घेणे'सुद्धा संस्कृत 'ग्रह्' वरून, प्राकृतातून आलेलं आहे. तिथेही अर्थ पकडणे हाच! दोन्ही भाषा वेगवेगळ्या रस्त्याने चालत चहाच्या कपापाशी येऊन भेटल्या.

फक्त एक सांभाळा. घरी पाहुणे आले तर "विल यू हॅव टी?" विचारा. "डू यू हॅव टी?" असं विचारलं तर तो प्रश्न दुकानदाराचा होतो : तुमच्याकडे चहा मिळतो का? पाहुणा गोंधळेल. आणला असता की तोच.

हा 'घेणे'चा धागा अजून एका ठिकाणी उपयोगी पडतो, आणि ही गोष्ट शाळेत फारशी कुणी सांगत नाही. "मी काल केस कापले." मराठीत हे आपण सर्रास म्हणतो, कापले सलूनवाल्याने. इंग्रजीत "आय कट माय हेअर" म्हटलं तर अर्थ होतो, मी स्वतः आरशासमोर उभी राहून कात्री चालवली. हवं असतं ते "आय हॅड माय हेअर कट". शुद्ध मराठीत : केस कापून घेतले. गाडी धुवून घेतली, आय हॅड माय बाइक वॉश्ड. दात काढून घेतला, आय हॅड अ टूथ पुल्ड. मराठीत 'घेतला' बसत असेल तिथे इंग्रजीत 'हॅड' टाकून बघा, दहापैकी आठ वेळा बसतो.

आता एक गोष्ट सांगते. ही ग्रामरच्या पुस्तकात नाही, कोर्टाच्या कागदात आहे.

लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन नावाचा भाग आहे. 2 नोव्हेंबर 1952 ची रात्र. दोन पोरं चोरी करायला एका गोदामाच्या छतावर चढली. ख्रिस्तोफर क्रेग, वय 16, त्याच्याकडे पिस्तूल. आणि डेरेक बेंटली, वय 19, ज्याला धड वाचताही येत नव्हतं, बुद्धीने मागे असलेला मुलगा. पोलीस आले. बेंटली लगेच पकडला गेला. क्रेग मात्र गोळ्या झाडत राहिला आणि त्यात सिडनी माइल्स नावाचा पोलीस मेला.

पोलिसांनी कोर्टात सांगितलं की बेंटली ओरडला होता, "लेट हिम हॅव इट, ख्रिस."

याचा अर्थ काय? एक अर्थ, "त्याला देऊन टाक." म्हणजे पिस्तूल पोलिसाच्या हवाली कर. दुसरा अर्थ, "हाण त्याला", म्हणजे गोळी घाल. इंग्रजीत दोन्ही अर्थ होतात. आणि गंमत म्हणू नये, पण मराठीतही बघा ना. "दे त्याला!" गल्लीतल्या भांडणात म्हटलं तर एक अर्थ, जेवायच्या पंगतीत म्हटलं तर दुसरा.

बेंटली आणि क्रेग दोघांनीही सांगितलं की असं कुणी काही बोललंच नाही. ज्युरीने दोघांनाही दोषी ठरवलं. क्रेग 16 वर्षांचा, कायद्याने त्याला फाशी देता येत नव्हती. बेंटलीला देता येत होती. 28 जानेवारी 1953 ला वँड्सवर्थच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. ज्याने गोळी झाडली नव्हती, ज्याला पोलिसांनी आधीच धरलेलं होतं, त्याला.

त्याची बहीण आयरिस पुढची चाळीसेक वर्षं भावासाठी लढली. 1997 मध्ये ती गेली. 30 जुलै 1998 ला अपील कोर्टाने बेंटलीची शिक्षा रद्द केली. मूळ खटल्यात सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी ज्युरीला जे समजावून सांगितलं होतं, त्यामुळे आरोपीला न्याय्य सुनावणी मिळालीच नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. पाच शब्दांच्या एका वाक्यावरून सगळा देश कित्येक वर्षं वाद घालत होता. याच वाक्याच्या नावाचा सिनेमाही 1991 मध्ये आला.

हे का सांगितलं? हॅव म्हणजे 'जवळ असणे' एवढं एकच पाठ केलेल्या माणसाला या वाक्यातलं दुसरं टोक दिसणारच नाही. आणि जन्मापासून इंग्रजी बोलणारेही या शब्दाच्या अर्थावर एकमत करू शकले नाहीत. पुढच्या वेळी कुणी तुमच्या हॅववर हसलं तर हे आठवा. त्यांच्यातले कितीतरी जण आजही 'शुड हॅव'च्या जागी 'शुड ऑफ' लिहितात. बोलताना 'शुडव्ह' असं ऐकू येतं, कानाला 'ऑफ' वाटतं, लिहून मोकळे. बघा इंटरनेटवर, ढिगाने सापडेल.

बरं, उरला सगळ्यात त्रासदायक हॅव. "आय हॅव ईटन." इथे जवळ काय आहे? पोटात अन्न? एका परीने हो! फार जुन्या इंग्रजीत अशा वाक्याचा अर्थ "पत्र माझ्याकडे लिहिलेलं आहे" असा होता. आधी हॅव खरंच मालकीचा होता, मग हळूहळू मालकी झिजली आणि 'काम झालंय' एवढाच अर्थ उरला. त्या काळात पुष्कळदा 'लिहिलेलं' हे रूप पत्राप्रमाणे बदलायचं. ओळखीचं वाटतंय ना? मी पत्र लिहिलं आहे, मी चिठ्ठी लिहिली आहे, मी मेसेज लिहिला आहे. इंग्रजीने जे टाकून दिलं ते आपण रोज वापरतो.

आता खूण. मराठीत नुसतं "जेवलो" आणि "जेवलोय" यात फरक आहे, तुमच्या कानाला तो बरोबर कळतो. आईने फोनवर विचारलं, "जेवलास का?" तर तुम्ही म्हणता "जेवलोय", म्हणजे आता पोट भरलेलं आहे, काळजी नको. तो शेपटीचा 'य' म्हणजे आखडलेला 'आहे'. तो 'य' म्हणजेच इंग्रजीतला हॅव. जेवलो, आय एट. जेवलोय, आय हॅव ईटन. पाठवलंय, आय हॅव सेंट इट. झालंय, इट हॅज बीन डन.

पण खड्डे दोन आहेत. "मी त्याला काल पाहिलंय" हे मराठीत चालतं. इंग्रजीत 'काल' आला की हॅव पळून जातो : आय सॉ हिम यस्टरडे. दुसरा खड्डा जास्त खोल. "मी तीन वर्षांपासून इथे काम करतोय." शेपटीला 'य' आहे, पण क्रियापद चालू काळाचं. म्हणून आपण म्हणतो, "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स." इंग्रजीला इथे हॅव हवाच : आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स. मागे कधीतरी सुरू झालं आणि अजून चालू आहे, असं असेल तर 'हॅव बीन'. इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांनी दुसरं काही नाही तरी हे एक वाक्य स्वतःची वर्षं घालून आजच तोंडात बसवा. हे वाक्य तुम्हाला विचारलं जाणारच आहे.

'हॅव टू' पटकन उरकते. उच्चार 'हॅफ्टू', बोलताना 'व'चा 'फ' होतो. वेब सिरीजमध्ये 'आय हॅफ्टा गो' ऐकलंत तर गोंधळू नका. मुंबईकरांना लक्षात ठेवायला सोपं : हफ्ता म्हटला की सक्ती आलीच. मराठीत "मला जायचंय", "मला गेलं पाहिजे", "मला जावं लागेल", तिन्हींची चव वेगळी. 'हॅव टू' म्हणजे तिसरा, लागणारा. पाहुण्यांच्या घरातून निघताना "आय हॅव टू गो" म्हणा, म्हणजे मन नाही पण जावं लागतंय. "आय वाँट टू गो" म्हटलंत तर कंटाळलात असा अर्थ निघेल.

या आठवड्याचं काम. तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जा, कालपासूनचे मेसेज उघडा. 'आहे' किंवा शेपटीचा 'य' असलेली दहा वाक्यं निवडा आणि मोठ्याने इंग्रजीत बोला. लिहायचं नाही, बोलायचं. अडलेलं एक वाक्य मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा, निवडक वाक्यं पुढच्या भागाच्या सुरुवातीला घेईन, नाव न सांगता. पुढच्या भागात 'गेट'. तो तर हॅवचाही बाप आहे, पाणी सोबत ठेवा. चला, भेटू पुढच्या बुधवारी.